क्रूझ निवडा मुलांच्या दुपारच्या झोपेवरून

भूमध्य समुद्रातल्या क्रूझची माहितीपत्रकं चाळायला घेतली की पहिली पानं जहाजाचीच असतात. पाण्याच्या घसरगुंड्या, थिएटर, पाच-सहा रेस्टॉरंट. मग नकाशा येतो आणि त्यावर सात रात्रींत सहा शहरं: बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स, व्हॅलेटा. एवढ्या पैशांत एवढं सगळं, असं मनात येतं आणि हात बुकिंगकडे जातो. मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर हात जरा आवरा. आधी एवढंच ठरवा, की रोज दुपारी एक ते तीन आपलं मूल कुठे झोपणार? केबिनमधल्या अंथरुणात, बाबागाडीत, की शहरातून बंदराकडे परतणाऱ्या बसमध्ये कुणाच्या तरी मांडीवर?

प्रश्न साधा वाटेल, पण बाकीचे बहुतेक निर्णय त्याच्यामागून येतात. लहान मुलांच्या कुटुंबाला क्रूझ सोयीची का, तर सामान एकदाच उघडायचं असतं, रोज नवं गाव दिसतं आणि खोली, पलंग, संडास, जेवण हे सगळं तुमच्याबरोबर फिरत असतं. सकाळी गाव बघून मूल जेवायला आणि झोपायला आपल्याच खोलीत परत येऊ शकतं. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही सहलीत ही चैन नाही. पण बंदर शहरापासून दीड तासावर असेल तर ती चैन गेलीच. उरते ती नेहमीचीच बसची सहल, फक्त रात्री झोपायला जहाज.

नकाशावरचं नाव आणि जहाज लागतं ते गाव

म्हणून जहाजाच्या आधी बंदरं तपासा. माहितीपत्रकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिव्हिटावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. आधी बंदरातल्या बसने बाहेर यायचं, मग स्टेशन गाठायचं, मग साधारण तासाभराची रेल्वे. कलोझियमपुढे पोहोचेपर्यंत अकरा वाजतात, आणि दुपारी चारच्या आत परतीची घाई सुरू. तीन वर्षांच्या मुलाला या दिवसातून रांग, ऊन आणि रेल्वे एवढंच मिळतं. ‘फ्लॉरेन्स’चंही तसंच. जहाज असतं लिव्होर्नोला, फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटरवर. लिव्होर्नोहून कुठे जायचंच तर पिसा जवळ आहे आणि कललेल्या मनोऱ्यापुढच्या हिरवळीवर मुलांना पळायला जागाही आहे. मार्सेयचा धक्का शहराच्या मध्यापासून बराच उत्तरेला आहे, चालत जाण्याजोगा नाही. अथेन्ससाठी जहाज पिरियसला लागतं. तिथून मेट्रो आहे, अंतरही फार नाही, पण अॅक्रोपोलिसचा चढ आणि घासून गुळगुळीत झालेले दगड चढताना मूल कडेवरच घ्यावं लागतं. गेल्या काही वर्षांत उष्णतेच्या लाटेत अॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवण्याची वेळ आली आहे, हेही ध्यानात असू द्या.

रोम बघायचंच असेल, आणि का बघू नये, तर क्रूझ तिथूनच सुरू करा किंवा तिथेच संपवा, आणि आधी किंवा नंतर दोन रात्री शहरात राहा. भूमध्य समुद्रात हे जमतं, कारण एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची बरीच जहाजं गोल फिरत राहतात आणि वाटेतल्या अनेक बंदरांतून प्रवासी घेतात. त्यामुळे तीच फेरी तुम्हाला बार्सिलोनाहून, जिनोआहून किंवा चिव्हिटावेक्कियाहून सुरू करता येते.

आता जवळची बंदरं. जिनोआला धक्क्यावरून उतरून पायी गेलं तरी जुन्या बंदरातलं मत्स्यालय गाठता येतं. कोलंबसच्या अमेरिका-प्रवासाला पाचशे वर्षं झाली तेव्हा, 1992 साली ते उभं राहिलं आणि युरोपातल्या मोठ्या मत्स्यालयांत त्याची गणना होते. सकाळी शार्क, डॉल्फिन, पेंग्विन बघायचे, साडेबाराला जहाजावर परत. बार्सिलोनालाही बंदरापासून कोलंबसच्या स्तंभापर्यंत बस सोडते आणि तिथून ला रांब्लाचा रस्ता सुरू होतो. मत्स्यालय तिथेही आहे आणि समुद्रकिनारा हाताशी आहे.

नेपल्सचा धक्का तर थेट शहरातच. बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्होचे गोल बुरूज. अर्ध्या दिवसात किल्ला, पिझ्झा आणि परत, एवढं सहज होतं. पाँपेईचा मोह मात्र तपासून घ्या. लोकल रेल्वेने पाऊणएक तास, गाड्यांना गर्दी, आणि आतले रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या ओबडधोबड शिळांचे. त्यांवर बाबागाडीची चाकं अडकतात. अँफिथिएटरच्या बाजूच्या प्रवेशद्वारापासून तीनेक किलोमीटरचा सपाट मार्ग चाकाच्या खुर्च्यांसाठी केलेला आहे, बाबागाडीवाल्यांनी तोच धरावा. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्याहून चांगला उपाय आहे. मुलांना घेऊन त्यांनी जहाजावर थांबावं आणि आईवडिलांनी पाँपेई बघून यावं.

माझं सगळ्यात आवडतं बंदर माल्टाचं व्हॅलेटा. सकाळी लवकर उठून मुलांना डेकवर न्या. मधाच्या रंगाच्या दगडी तटांमधून जहाज आत शिरतं, ते बघायला नाश्ता थोडा उशिरा झाला तरी चालेल. जहाज तटाच्या पायथ्याशीच लागतं आणि वर जायला अठ्ठावन्न मीटर उंचीची लिफ्ट आहे. बाबागाडी, मूल, पिशवी, सगळं घेऊन मिनिटाभरात तुम्ही वरच्या बाराक्का बागेत. तिथून खालच्या तोफखान्यावर जुन्या गणवेशातले गोलंदाज दिसतात. दुपारी बारा वाजता तोफ उडते. सव्वाअकरालाच कठड्याशी जागा धरा आणि आवाजाला घाबरणारं मूल असेल तर त्याला आधी सांगून ठेवा. तोफ झाली की लिफ्टने खाली, जहाजावर जेवण, झोप. हे सगळं वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीही पुरेपूर अनुभवता येतं.

सँटोरिनी मात्र मुलं मोठी होईपर्यंत राहू द्या. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत मूल एका हातात, मिटलेली बाबागाडी दुसऱ्या हातात. खाली उतरलं की डोक्यावर उभा कडा. वर जायला केबल कार किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. चार-पाच जहाजं एकाच दिवशी आलेली असली तर केबल कारची रांग वर जाताना एकदा आणि उतरताना, उन्हात, पुन्हा एकदा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तेव्हा बोटी सोडणं धोक्याचं म्हणून बंदरच रद्द होण्याचीही शक्यता असते. कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावापुढे ‘टेंडर’ किंवा नांगराची खूण दिसली की ती अशी बोटीची जागा समजा. आठवड्यात अशी एक चालेल, तीन नकोत.

एड्रियाटिक समुद्रातलं कोटोर हे याला सुंदर उत्तर. डोंगरांच्या मधून तासभर खाडीत जहाज जातं आणि ते सगळं डेकवरूनच दिसतं, तटबंदीचं गाव समोरच असतं. डुब्रोव्हनिकचं बंदर जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. तटावर चढायच्या पायऱ्या खूप, म्हणून तिथे मुख्य रस्त्यावर आइस्क्रीम खात फिरलेलं बरं. आणि व्हेनिसच्या कालव्यातून जहाजाने जाण्याचं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. ऑगस्ट 2021पासून मोठ्या जहाजांना ज्युडेका कालवा बंद आहे. कार्यक्रमात ‘व्हेनिस’ असलं तरी जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्नाला असू शकतं, हे विचारून घ्या.

सहा दिवसांत सहा बंदरं असलेल्या फेरीपेक्षा चार बंदरं आणि दोन दिवस नुसता समुद्र असलेली फेरी मुलांना मानवते. तशी मिळाली नाही तर एखादं बंदर बिनधास्त सोडा. बाकीचे लोक गाव बघायला उतरलेले असतात, घसरगुंडीवर रांग नसते, पोहण्याचा तलाव मोकळा असतो. पैसे वाया गेले असं वाटून घेऊ नका. मुलांच्या लेखी तोच दिवस सगळ्यात मोठा.

जहाजावर वय बघतात

बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. लांबच्या, सलग अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या फेऱ्यांसाठी ही मर्यादा वर्षाची असते. पण ‘घेतात’ आणि ‘सांभाळतात’ यांत फरक आहे. किड्स क्लबचं दार साधारण तिसऱ्या वर्षी उघडतं, आणि रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत मूल डायपरमधून बाहेर आलेलं असावं लागतं. दोन वर्षं दहा महिने ही फार अडनिडी अवस्था. क्लब नाही, आणि पोहण्याच्या तलावातही डायपरवाल्या मुलांना बहुतेक जहाजांवर मनाई, पाण्यातले खास डायपर घातले तरीसुद्धा. काही मोठ्या जहाजांवर बाळांसाठी वेगळी कारंजी असतात. काही ठिकाणी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तासावर पैसे घेणारं पाळणाघरही असतं, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर ते नसू शकतं. म्हणून कंपनीचं नाव पुरेसं नाही, जहाजाचं नाव घेऊन विचारा. मूल तिसऱ्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर असेल तर सहल काही महिने पुढे ढकलण्यात मला शहाणपण दिसतं.

कंपन्यांमध्ये थोडक्यात असं: एमएससी आणि कोस्टा या इटालियन वळणाच्या. घोषणा चार-पाच भाषांत, जेवणं उशिरा, आणि पालकांच्या खोलीतच राहणाऱ्या मुलांना काही तारखांना भाडं माफ, फक्त बंदरकर भरायचा. रॉयल कॅरिबियन इंग्रजीत चालणारी, मुलांच्या सोयी भरपूर, भाडं थोडं जास्त. डिस्नीची जहाजं युरोपच्या उन्हाळ्यात इथे येतात. बाळांसाठी सगळ्यात तयारीची, आणि सगळ्यात महाग. मराठी-इंग्रजी बोलणारं लाजाळू मूल इटालियन मुलांच्या घोळक्यात पहिल्या दिवशी रडेल, हे गृहीत धरा. पहिले दोन दिवस क्लबच्या भरवशावर स्वतःचा कुठलाही कार्यक्रम ठरवू नका.

केबिनबद्दल एक गोष्ट माहितीपत्रक सांगत नाही. कंपनीकडून पाळणा मागवला, सोफ्याचा पलंग उघडला, की जमिनीवर चालायला हातभर पट्टा उरतो. साडेआठला मूल झोपलं की दिवे बंद. आतली, बिनखिडकीची केबिन असेल तर आई आणि बाबा त्याच अंधारात कुजबुजत बसतात, रोज रात्री. म्हणून लहान मुलांबरोबर बाल्कनीची केबिन ही चैन समजू नका. दार लोटून बाहेर दोन खुर्च्यांवर बसता येतं, दुपारच्या झोपेच्या वेळीही. बाल्कनीच्या दाराची कडी उंचावर असते, तरी बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवायच्या. आजी-आजोबांसाठी शेजारची, मधे दार असलेली केबिन मिळाली तर उत्तमच, पण अशा केबिन थोड्या असतात आणि आधी संपतात. भिंतीतून उतरणाऱ्या वरच्या बर्थवर अगदी लहान मुलांना झोपवता येत नाही. ‘चौघांची केबिन’ घेताना चौथा पलंग कसला आहे ते विचारा.

बोट लागण्याची भीती असेल तर केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, हालचाल तिथे सगळ्यात कमी. उलटीचं औषध लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. निघण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडून नाव आणि मात्रा लिहून आणा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. विम्यात जहाजावरचे उपचार आणि तिथून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते पॉलिसीत वाचून घ्या. जहाजांवर पसरणारा जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. जेवणाआधी साबण-पाणीच हवं.

साडेतीन तासांचा फरक

उन्हाळ्यात इटली आणि स्पेन आपल्या साडेतीन तास मागे असतात, ग्रीस अडीच तास. म्हणजे घरी रात्री नऊला झोपणारं मूल तिथे संध्याकाळी साडेपाचला पेंगायला लागतं आणि पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं. विमानातून उतरून त्याच दिवशी जहाजावर चढू नका. एक-दोन रात्री बंदराच्या शहरात काढा. विमान उशिरा आलं तरी जहाज थांबत नाही, हे आणखी एक कारण. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर पहिलीच मागा, आणि इटालियन जहाजांवर ती पहिली पाळीही मुलांना उशिराची वाटली तर बुफे गाठा. मुलांना पूर्ण युरोपच्या वेळेवर आणण्याचा हट्ट धरू नका. लवकर झोपणारं, लवकर उठणारं मूल क्रूझवर सोयीचंच असतं: सकाळी साडेसातला तयार, आठला बंदरात सगळ्यांच्या आधी बाहेर, ऊन चढायच्या आत परत.

हंगामाचं आपल्या शाळांशी चांगलं जुळतं. एप्रिलअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत हवा सुखद असते, युरोपातल्या शाळा सुटलेल्या नसतात, भाडीही जुलै-ऑगस्टइतकी चढलेली नसतात. समुद्राचं पाणी मात्र मे महिन्यात थंड असतं, किनाऱ्यावर वाळूत खेळण्यावर समाधान मानावं लागेल. दिवाळीच्या सुट्टीत बरीच मोठी जहाजं अमेरिकेकडे किंवा आखाताकडे निघालेली असतात, समुद्रही खवळू लागतो. लहान मुलांसाठी मेच बरा.

खाण्याची काळजी वाटते तेवढी करावी लागत नाही. साधा भात, दही, उकडलेले बटाटे, केळी, पास्ता बुफेवर रोज असतं. स्वयंपाकघरात आणि वाढायला गोव्याची, कोकणातली, मुंबईची मुलं अनेक जहाजांवर असतात. त्यांच्याशी बोललात तर दुसऱ्या दिवशी मुलांसाठी वरण-भात येण्याची आशा असते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. इलेक्ट्रिक किटली आणि छोटा कुकर घरीच ठेवा. आगीच्या भीतीने ही साधनं जहाजावर चढताना काढून घेतात. मेतकुटाचं बंद पाकीट चालतं. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे, डबा कंपनीचा आणि शक्यतो न उघडलेला हवा. डायपर पुरतील तेवढे इथूनच न्या.

भाड्याचा आकडा बघताना तो दोघांच्या केबिनचा, दरडोई असतो हे विसरू नका. त्यावर बंदरकर, रोजचं माणशी सेवाशुल्क (काही कंपन्या मुलांना अर्धं लावतात, बाळांना नाही), इंटरनेट आणि बंदरातल्या सहली येतात. मुलांसाठी पेयांचं पॅकेज घेऊ नका, पाणी-दूध बुफेवर मिळतं. समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, जहाजाच्या मोबाइल जाळ्याचे दर भलतेच असतात. बंदरात स्वतःहून फिरायला गेलात तर परतीची वेळ तुमच्या जबाबदारीची. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. जवळच्या बंदरांत स्वतः फिरा, लांबच्या ठिकाणी जायचंच असेल तर कंपनीच्या सहलीने जा.

मुलं जहाजावर कशी राहतील याचा अंदाजच येत नसेल तर आधी मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाने गोव्यापर्यंतची एखादी छोटी फेरी करून बघा. ‘एम्प्रेस’ हे तिचं जहाज भूमध्य समुद्रातल्या आजच्या जहाजांपेक्षा बरंच लहान आहे, त्यामुळे हालचाल थोडी जास्त जाणवेल. पण केबिनमध्ये मूल झोपतं का, अनोळखी मुलांत मिसळतं का, बोट लागते का, हे दोन रात्रींत कळतं. पावसाळ्यात मात्र नको.

व्हिसाचा क्रम असा ठेवा. आठ-दहा महिने आधी, रद्द करता येईल अशा अटीवर जहाज ठरवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेच्या सहलीसाठी मुलाखतीच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच हालचाल करा. जास्तीत जास्त दिवस ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे. फेरीत तुर्कस्तान, माँटेनेग्रो किंवा ट्युनिशिया असेल तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन परत येतं, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागा, आणि त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो का ते कंपनीकडून लेखी घ्या. क्रोएशिया जानेवारी 2023पासून शेंगेनमध्येच आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाशुल्क नाही आणि बारा वर्षांखालच्यांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, परतीनंतर तीन महिने तरी मुदत उरते का ते आज काढून बघा. आईबाबांपैकी एकच जण बरोबर असेल, किंवा मुलं आजी-आजोबांबरोबर जाणार असतील, तर न येणाऱ्या पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा.